टेन्स मशीन, चौदा महिने वापरल्यावर

मी कराडला राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. तेवीस वर्षं झाली या कामाला. ज्यांच्या मणक्याची नस दबलीय, पायात सणका मारतात आणि गोळ्या घेतल्या की दिवसभर झापड येते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. टेन्स म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून विजेच्या हलक्या मुंग्या देणारं, दुखणं कमी जाणवावं म्हणून वापरायचं छोटं मशीन. मी सर्जिकलच्या दुकानात ते विचारायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने किंमत सांगितली आणि डबा पुढे सरकवला. कुठे लावायचं, किती वेळ लावायचं, कुणी लावायचंच नाही, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. डब्यातला कागद इतक्या बारीक अक्षरात की भिंगाशिवाय वाचता येत नव्हता.

आधी माझं दुखणं सांगते, म्हणजे तुमचं तसंच आहे की वेगळं ते कळेल. उजव्या खुब्यामागच्या खड्ड्यातून कळ निघायची, मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या अंगाला उतरायची आणि पायाच्या अंगठ्यात जाऊन थांबायची. कंबर फारशी दुखत नव्हती, पायच जळायचा. शिंक आली की आधी भिंत धरायची. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नसेवर दाब आलेला दिसला. हाडांच्या डॉक्टरांनी मला अंगठा वर ओढून धरायला सांगितला आणि स्वतः तो खाली दाबून पाहिला. ताकद शाबूत होती. लघवीची तक्रार नव्हती, बसायच्या जागेला बधिरपणा नव्हता. त्यामुळे ऑपरेशनची घाई नको म्हणाले. मात्र पाऊल लुळं पडायला लागलं, लघवी अडली किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तुम्हीही हे लक्षात ठेवा. तिथे कुठलंही मशीन लावत बसायचं नाही.

गोळी सुरू झाली, रोज रात्री एक: प्रीगॅबलिन (नसेच्या दुखण्यावरची) ७५ मिलिग्रॅम आणि सोबत मिथाइलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्व). कळ कमी झाली, हे खरं आहे. पण सकाळी दहापर्यंत डोळे उघडायचे नाहीत, संध्याकाळी घोटे सुजायचे आणि चार महिन्यांत सहा किलो वजन वाढलं. सुईत दोरा ओवायला तीन-तीन वेळा लागायचे. अशाच एका सकाळी मी एका ताईंच्या पैठणीच्या ब्लाउजपीसची एक बाही उलटी कापली. काठ वर गेला. मुलीच्या लग्नाची पैठणी होती ती. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, पण तो काठ काही परत मिळणार नव्हता. त्या दिवशी मी कात्री खाली ठेवली आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

इथे एक सांगायलाच हवं. ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते. डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. माझीही तशीच कमी झाली.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली. पहिल्या ठिकाणी एकवीस दिवसांचे पैसे आगाऊ भरून घेतले. रोज जायचं, पालथं झोपायचं, शेक, मग मशीन, वीस मिनिटांनी घरी. एकवीस दिवसांत एक व्यायाम शिकवला नाही. पैशांपेक्षा मला वेळेचं वाईट वाटलं, लग्नसराईचे तीन आठवडे गेले. दुसऱ्या ठिकाणच्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी अर्धा तास नुसतं विचारलं: कशाने वाढतं, कशाने कमी होतं, किती वेळ बसता, कटिंग कुठे करता. मी म्हटलं, जमिनीवर, सतरंजी टाकून. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमचं निम्मं दुखणं त्या सतरंजीवर आहे.’

टेन्सची डबी त्यांनीच पहिल्यांदा हातात दिली. जुन्या रेडिओएवढीही नाही, तळहातात मावते. माझ्याकडची दोन चॅनेलची आहे: वर दोन गोल बटणं, दोन वायरी, प्रत्येक वायरीला दोन चिकट पॅड, आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. एक जोडी कंबरेच्या कण्याच्या दोन बाजूंना. दुसऱ्या जोडीतला एक पॅड बैठकीवर आणि एक पोटरीच्या बाहेरच्या अंगाला. बटण फिरवलं की मुंग्या येतात, आणखी फिरवलं की मुंग्या दाट होतात. स्नायू उडायला लागला किंवा टोचायला लागलं तर जास्त झालं, थोडं मागे घ्यायचं. ठळक जाणवलं पाहिजे, पण दात आवळायला लागू नयेत. मला साधारण शंभर हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर ठोक्यांची, मुंगी लावून दिली. दोन-चार हर्ट्झचाही एक प्रकार असतो, त्यात ठोका पडल्यासारखं होतं. तो मला सोसला नाही.

हे चालतं कसं, ते मॅडमनी असं सांगितलं. कोपर दारावर आपटलं की आपण लगेच चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा निरोप जाड, जलद नसांमधून जातो आणि दुखण्याचा बारीक, संथ नसांमधून. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. जाड नसांची गर्दी झाली की दुखण्याला वाट मिळत नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हा विचार मांडला, आणि टेन्स त्यातूनच पुढे आलं. म्हणजे मशीन सरकलेली गादी जागेवर नेत नाही आणि नसेवरचा दाबही काढत नाही. चालू आहे तोवर आणि मग थोडा वेळ ते फाटक लोटून धरतं. मला मशीन काढल्यावर साधारण तासभर बरं जातं.

माझ्या मते सगळी किंमत त्या तासाची आहे. पहिला महिना मी चूक केली. मशीन लावून पडून राहायची, बरं वाटलं की उठून थेट शिवणावर बसायची. रात्री पुन्हा तेच. मॅडमनी वही मागितली (रोज दहापैकी किती दुखलं ते मी लिहीत होते) आणि म्हणाल्या, हा तास चालण्याला आणि व्यायामाला द्या. तेव्हापासून डबी साडीच्या निऱ्यांजवळ पट्ट्याला अडकवते, वायर पदराखालून घेते आणि सकाळी प्रीतिसंगमावर जाते. पहिल्या दिवशी बागेच्या फाटकापासून चव्हाणसाहेबांच्या समाधीपर्यंत जाताना तीनदा कठड्याला टेकले. आता कृष्णा-कोयनेच्या काठाने पाऊण तास चालते. घाटाच्या पायऱ्या मात्र मशीन चालू असताना उतरत नाही, पाऊल नीट जाणवत नाही.

व्यायाम साधा आहे. पालथं झोपायचं, मग कोपरांवर उठायचं, मग तळहातांवर, कंबर सैल सोडून. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. पाचव्या दिवशी पायातली कळ गेली आणि कंबर भयंकर दुखायला लागली. मी रडतच फोन केला. मॅडम आनंदाने म्हणाल्या, हेच तर हवं होतं. पायातलं दुखणं वर सरकत कंबरेत गोळा होणं ही चांगली खूण. कंबरेतलं पायात उतरायला लागलं तर थांबायचं. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टना हे १९५६ मध्ये योगायोगाने कळलं. पायात कळ असलेला त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या पलंगावर चुकून पालथा झोपून राहिला, आणि उठला तो पायातलं दुखणं गेलंय असं सांगतच.

पण कृपा करून हे वाचून लगेच पालथे पडू नका. माझ्या वन्संना मणक्याची नळी अरुंद झाल्याचा त्रास आहे. माझं बघून त्यांनी तेच केलं आणि दोन दिवस उठता आलं नाही. त्यांना वाकलं की बरं वाटतं, बाजारात ढकलगाडीला टेकून त्या कितीही चालतील. त्यांचे व्यायाम पोटाकडे गुडघे घेण्याचे आहेत, माझ्या बरोबर उलटे. ‘मणक्यात गॅप’ हा एकच शब्द आपण सगळ्यांना लावतो, आणि तिथे घोळ होतो.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिने मला एक गोष्ट वाचून दाखवली, ती लपवणार नाही. ब्रिटनमधली ‘नाइस’ ही संस्था तिकडच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करते. २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी (नस दबून पायात उतरणारी कळ, माझ्यासारखी) टेन्स देऊ नका असं त्यांनी लिहिलं, कारण उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. मी दोन दिवस खट्टू होते. मग तिने पुढचंही वाचलं. २०२० मध्ये त्यांनीच सायटिकासाठी प्रीगॅबलिनच्या जातीच्या गोळ्याही देऊ नका असं लिहिलं. हालचाल चालू ठेवणं आणि व्यायाम यांना मात्र त्यांचा होकार आहे. आता माझा तास मशीनमुळे मिळतो की मशीन लावलं या धीरामुळे, ते मी छाती ठोकून सांगणार नाही. वहीतले आकडे एवढंच सांगतात की आधी चालणं दहा मिनिटांचं होतं आणि दुखणं सात-आठ, आता चालणं पाऊण तास आणि दुखणं दोन-तीन. त्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे, काळाचाही असेल. सरकलेली गादी पुष्कळांची आपोआप आक्रसते, असं डॉक्टरही म्हणाले होते.

आता मशीनबद्दल. किंमत दोन-अडीच हजारांच्या घरात, मला ती वसूल झाली. तक्रारी आहेत. टायमर नाही, त्यामुळे मी मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावते. मशीन लावून झोपायचं नसतं. एका चॅनेलची वायर सहा महिन्यांत मुळाशी तुटली, आणि दुकानदार म्हणाला वायर गॅरंटीत येत नाही. वायर ओढून काढायची नाही, टोक धरून काढायची, एवढं त्याने आधी सांगितलं असतं तर! पॅड काढण्याआधी दोन्ही बटणं शून्यावर आणायची. मी एकदा विसरले आणि उचललेला पॅड बोटांना लागला. जोराचा झटका बसला, हातातला कप गेला.

पॅडचा खर्च धरूनच मशीन घ्या. जेलचे पॅड माझ्याकडे महिनाभर टिकतात, तेही जपले तर. मला आंघोळीआधी तेल लावायची सवय होती, त्या तेलाने पहिला संच आठवड्यात गेला. आता कातडी साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच लावते. चिकटपणा गेला की पाण्याचा एक थेंब बोटाने पसरायचा, दोन मिनिटं थांबायचं, आणि काम झाल्यावर परत प्लास्टिकच्या कागदावर चिकटवून ठेवायचे.

आणखी एक. शरीराला मुंग्यांची सवय होते. तीन आठवड्यांत मला जाणवेनासं झालं आणि मी बटण वाढवत गेले. मॅडमनी वरखाली होणारा मोड लावून दिला, आणि रोज उठून न लावता गरज असेल तेव्हा लावा म्हणाल्या. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हे मशीन लावायचं नाही. फिट येत असेल, दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. गळ्यावर, जखमेवर, आणि जिथे स्पर्शच कळत नाही अशा बधिर जागेवर पॅड लावायचे नाहीत. हे त्या काउंटरवरच्या मुलाने सांगायला हवं होतं.

कटिंग आता टेबलावर करते. सासऱ्यांचं जुनं इस्त्रीचं टेबल होतं, त्याच्या पायांखाली सुताराकडून ठोकळे बसवून घेतले, कोपराच्या उंचीला आलं. शिलाई मशीनला मोटर बसवली आणि पायडल डाव्या पायाखाली घेतलं. पहिले चार दिवस शिवण वाकडी आली, मग पाय बसला. एक ब्लाउज झाला की उठायचं, पाणी प्यायचं, पाच वेळा मागे कलायचं, मगच दुसरा घ्यायचा. दिवसाला सहाऐवजी चार होतात. गिऱ्हाइकांना मी तारीख पुढची देते, आणि बहुतेकींनी समजून घेतलंय.

प्रीगॅबलिन डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करत दिवाळीनंतर बंद केली. फार ठणकलं तर साधी पॅरासिटामॉल घेते, महिन्यातून एखाद-दोनदा.

पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा तारा वायरीसाठी कापला, एक त्या बारीक अक्षरांच्या कागदासाठी. या आठवड्यात पॅडचा नवा संच घ्यायचाय. बैठकीसाठी मोठे चौकोनी घेणार आहे, छोटे तिथे चालताना सुटतात.