जीवशास्त्राचा द्वैभाषिक प्रश्नसंच : वर्षभराच्या वापरानंतर

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीला आला की ‘तंतुकणिका’ची एकाएकी ‘मायटोकॉन्ड्रिया’ होते आणि ‘अर्धगुणसूत्री विभाजना’चे ‘मायोसिस’. विषय समजलेला असूनही केवळ नाव न ओळखल्यामुळे गुण गमावणारी मुले मी कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी पाहतो. म्हणूनच प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापलेला हा संच मी वर्गासाठी घेतला. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत 720 गुणांपैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात आणि तेथे चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. तेव्हा अशा सरावाची निकड वेगळी सांगायला नको.

संचाचे खरे बळ पेशीविभाजन आणि आनुवंशिकतेच्या प्रकरणांत आहे. एक प्रश्न पाहा : कांद्याच्या मुळाच्या टोकावरील पेशीत जी-1 अवस्थेत (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या टप्प्यात) 16 गुणसूत्रे असतील, तर एस अवस्थेनंतर किती असतील? माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी 32 वर खूण केली. एस अवस्थेत डीएनए दुप्पट होतो हे त्यांना तोंडपाठ होते. पण तयार झालेली दोन क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती, गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली असेपर्यंत ते एकच गुणसूत्र मोजायचे, याचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. येथे चुकीचा पर्यायही नेमक्या गैरसमजातून घडवलेला आहे आणि तो का चुकला हे स्पष्टीकरणात नीट उलगडले आहे. आई-वडील दोघांचाही रक्तगट ए असताना मुलाचा ओ असू शकतो का, या प्रश्नाखालीही नुसते ‘होय’ न लिहिता दोघांकडून आलेली जनुके चौकटीत मांडून दाखवली आहेत. असे दहा प्रश्न विद्यार्थ्याने मनापासून सोडवले, तर ते शंभर व्याख्या पाठ करण्यापेक्षा मोलाचे ठरतात, असे माझे ठाम मत आहे.

प्राण्यांच्या वर्गीकरणाचे प्रकरण मात्र निव्वळ पाठांतराचे असून जोड्या लावण्यापलीकडे त्यात फारसे काही नाही.

गंभीर चूक प्रकाशसंश्लेषणाच्या उत्तरसूचीत आहे. वनस्पती बाहेर सोडतात तो ऑक्सिजन कशातून येतो, या प्रश्नाचे उत्तर तेथे ‘कार्बन डायऑक्साइड’ असे दिले आहे. तो पाण्यातून येतो. रुबेन आणि केमेन यांनी 1941 साली ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून याचा पुरावा दिला होता. एका मुलीने आपले बरोबर उत्तर खोडून सूचीतले उत्तर लिहिलेले मी पाहिले, तेव्हा फार वाईट वाटले. एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? प्रकाशकांना मी पत्राने कळवले आहे. दुरुस्तीपत्रक अद्याप आलेले नाही. तोवर वर्गातील प्रत्येक प्रतीत त्या पानावर मी स्वतः लाल शाईने दुरुस्ती केली आहे आणि संच विकत घेणाऱ्यांनीही तो हाती पडताच ती करून घ्यावी.