मटणाला कच्ची पपई की अननस?

शागुतीचं, म्हणजे गोव्याच्या खोबरं-मसाल्याच्या रश्शाचं, मटण मऊ करायला दोन्ही चालतात पण मला विचाराल तर कच्ची पपईच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हिरवीगार पपई आणायची, सुरी लावली की पांढरा चीक टपटप येतो आणि बोटं चुरचुरतात, त्या चिकातच पपेन हे मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, पपई पिकत गेली की ते कमी होतं म्हणून पिकलेली घेऊ नका. अननसात ब्रोमेलेन. दोन्ही एन्झाइम प्रोटीनच्या साखळ्या कापतात आणि स्वतः संपत नाहीत, त्यामुळे दोन चमचे किस किलोभर मटणाला पुरतो.

खरा फरक तापमानाचा. ब्रोमेलेन साधारण ५०-६० डिग्रीला जोरात चालतं आणि ७० च्या पुढे ढेपाळतं, पपेन ६५ च्या आसपासही मस्त काम करतं, म्हणजे मंद आचेवर टोप तापत असतानाही मटण मऊ होत राहतं. फ्रिजमध्ये दोघंही सुस्त, मरत नाहीत, म्हणून रात्रभर ठेवायचं तर फ्रिजच बरा, बाहेर पिठूळ लगदा होतो. आणि डब्यातला अननस अजिबात नको, तो डबाबंद करतानाच तापवलेला असतो, एन्झाइम तिथेच गेलं. ताजा अननस चिकनला मात्र छान, अर्धा तास पुरे.