दिवाळी ते श्रावण : घरघंटी वापरल्यानंतरचा अनुभव

घरघंटी, म्हणजे घरातली विजेवरची छोटी पीठगिरणी, घ्यावी का, असं हल्ली नात्यागोत्यातले बरेच जण मला विचारतात. मी उलट विचारतो, घरात पिठं किती प्रकारची लागतात? पोळ्यांपुरता गहू दळायचा असेल तर नका घेऊ, कोपऱ्यावरची गिरणी चांगली आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, भाजणी, उपासाचं, लाडवाचं असं थोडं थोडं आणि ताजं लागत असेल तर पुढचं वाचा.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला राहतो. आई खानदेशातली, बायको पुण्याची आणि मी इथेच वाढलेला, म्हणजे सकाळी चहाबरोबर खरपूस भाखरी (गव्हाची, गुजराती) आणि रात्री ज्वारीची भाकरी, दोन्ही लागणारा. दळणाचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. गिरणीवाल्याशी वाकडं नव्हतं, अडचण होती ती ज्वारीची. त्याच्याकडे दिवसभर गहू, बाजरी आणि हरभराडाळ चालते. ज्वारी नेणारी आमच्यासारखी दोन-चार मराठी घरं. डाळ दळून झाली की त्याच दगडांवर आमची ज्वारी पडायची आणि पहिल्या भाकऱ्यांना बेसनाचा वास यायचा. त्याला सांगून दुसऱ्या कोणाची ज्वारी येईपर्यंत थांबावं, तर डबा तिथेच दोन-तीन दिवस अडकायचा. म्हणून एकदम जास्त दळून आणायचं, आणि मग शेवटी शेवटी पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असायची. भाकरी थापताना कडा फाटायला लागल्या की आई बोलत काहीच नसे, परातीतला चिरलेला गोळा उचलून फक्त मला दाखवत असे.

तर गेल्या दिवाळीच्या तोंडावर यंत्र आणलं. एक अश्वशक्तीची मोटर, पोलादी पाती, किंमत १८ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली बहुतेक यंत्रं आतून सारखीच असतात. वरच्या तोंडातून धान्य एका गोल कप्प्यात पडतं, पाती ते फोडत राहतात, आणि कप्प्याला बसवलेल्या जाळीतून जेवढं बारीक झालं तेवढंच खालच्या डब्यात उतरतं. जाळी बदलली की पीठ बदललं. दगड नाहीत, त्यामुळे टाकी लावून घेणं, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडांना पुन्हा खाचा पाडून घेणं नाही. दगडाची घरगुतीही मिळते, पण ती महाग आणि जड.

पैसे वाचतात का? नाही. गिरणीचा दर किलोला पाच रुपये धरा आणि महिन्याला १५ किलो दळण धरा. वर्षाचे झाले ९०० रुपये. १८ हजार वसूल व्हायला २० वर्षं. विजेचं मात्र लोक उगाच घाबरतात. तासाला सात-आठ किलो गहू दळला जातो, म्हणजे महिन्याचं सगळं दळण दीड-दोन युनिटांत बसतं. दुकानदार 'वर्षभरात पैसे सुटतात' म्हणाला, तेव्हा मी फक्त हसलो.

आता गव्हाबद्दल खरं सांगतो. पोळ्यांसाठी मला अजूनही दगडी गिरणीचंच पीठ आवडतं. दगडात दाणा रगडला जातो, तसं पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी सायंकाळपर्यंत मऊ राहते. पात्यांच्या यंत्रात दाणा फुटतो, रगडला जात नाही. आमच्या पिठाला पाणी थोडं कमी लागतं आणि कणीक अर्धा तास तरी झाकून ठेवावी लागते. तेवढं सांभाळलं तर पोळी छान होते, पण डब्यात नेलेली दुपारी जरा वातड लागते. बायकोनं हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. म्हणून पोळ्यांचा गहू अजूनही गिरणीत जातो, आणि यंत्र घेऊनही डबा उचलून जाताना शेजारी हसतात ते वेगळंच.

पण भाखरीचं आणि लाडवाचं पीठ इथलंच. त्याला करकरीत, रवाळ दळण लागतं, आणि गिरणीत दोन किलोसाठी कोणी दगड ढिले करून देत नाही. माझ्या यंत्राबरोबरच्या जाळ्यांत शून्य नंबर सगळ्यांत बारीक. भाखरीला मी तीन नंबरची लावतो. बेसनाच्या लाडवांना हरभराडाळही अशीच जरा जाडसर दळली की लाडू टाळूला चिकटत नाही. दिवाळीला केलेले लाडू खाऊन मेहुण्यानं परत जाताना लाडू मागितले नाहीत, पीठच मागून नेलं.

ज्वारीसाठी मात्र हे यंत्र सोन्याचं आहे. नणंद-भावजयीच्या येण्याजाण्यात जळगावहून दादर ज्वारी येते, ती मी आठवड्याला किलो-दीड किलोच दळतो. जाळी एक नंबरची. ज्वारीला चिकटपणा मुळात गव्हासारखा नसतो, सगळी मदार ताज्या पिठावर आणि आधणावर. ताजं पीठ, कडकडीत पाणी, आणि मळताना तळहाताच्या मुळाशी दिलेला जोर. आई आता हातावरसुद्धा भाकरी घडवते, परातीला चिकटायचं नावच नाही. कधी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि चवीपुरतं मीठ घालून कळणं दळतो. गिरणीत पाच वाट्यांचं कळणं घेऊन गेलात तर गिरणीवाला तुमच्याकडे बघतो कसा, ते अनुभवलेल्यांनाच माहीत.

थंडीत बाजरी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पीठ कडू का होतं हे कळेल. गव्हात १०० ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम तेल असतं, बाजरीत पाचच्या आसपास. अख्ख्या दाण्यात ते सुखरूप असतं. दळलं की दाण्यातलंच विकर (एन्झाइम) त्या तेलाला लागतं, वर हवा, आणि आठ-दहा दिवसांत पीठ खवट लागायला लागतं. दुकानातल्या पाकिटबंद बाजरीच्या पिठाची चव म्हणूनच तशी. आम्ही चार दिवसांपुरती दळतो. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, सगळं शहर पतंगांना कन्नी बांधत बसलेलं असताना, आमच्याकडे भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी होती. पीठ त्याच सकाळचं. आईनं त्या दिवशी पहिल्यांदा यंत्राला बरं म्हटलं.

भाजण्यांचं थोडं सविस्तर लिहितो. चकलीला आम्ही चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी मूगडाळ, वाटीभर पोहे, धने, जिरे असं प्रमाण घेतो. तांदूळ-डाळी धुऊन, कापडावर सावलीत वाळवून, मंद आचेवर वेगवेगळ्या भाजायच्या. आणि पूर्ण गार करायच्या. कोमट भाजणी यंत्रात घातली की आत वाफ धरते, जाळीवर लुकण बसतं आणि मोटर रडायला लागते. सकाळी दळताना मी ताटातल्या डाळीत हात खुपसून तळाशी चटका लागतो का ते बघतो. वरून गार वाटते, पोटात गरम असते. जाळी शून्य नंबरची नको, एक नंबरची घ्या. अगदी पावडर झाली तर चकलीला काटा येत नाही. थालिपिठाची भाजणी याहून जाड चालते.

मेतकुटासाठी मात्र यंत्र बाहेर काढू नका. कप्प्यात, कोपऱ्यांत मिळून मूठ-दोन मुठी पीठ अडकून राहतंच; पावशेर मेतकुटात तेवढं गेलं तर उरलं काय? ते मिक्सरमध्ये. उपासाचंही सांभाळून. राजगिरा, वरी दळायची तर आधी यंत्र झाडून घ्यायचं, मग मूठभर वरी फिरवून ती बाजूला काढायची आणि नंतरच खरं दळण. आमच्याकडे एकादशी कडक पाळतात, त्यामुळे आईसाठी उपासाची जाळी वेगळीच घेऊन ठेवली. राजगिऱ्याचा दाणा इतका बारीक की शून्याखेरीज दुसरी जाळी लावली तर निम्मा अख्खाच खाली येतो.

मोदकाची पिठी माघी गणपतीला केली. आंबेमोहोर हाताशी नव्हता, सुरती कोलम घेतला. दोनदा धुऊन, पंख्याखाली पंचावर पसरून, चावल्यावर कटकन तुटेपर्यंत वाळवला. पिठी सुरेख उतरली, उकडीला कळ्या पाडताना चिरली नाही. अनारशांना हे चालत नाही. तिथे तांदूळ ओलसरच दळावा लागतो आणि ओलं धान्य या यंत्रात घालायचंच नाही. शेंगदाणे, तीळ, सोयाबीनही नाही. तेल सुटून जाळी बुजते.

दळण्याला वीस मिनिटं लागतात. खरं काम त्याच्या नंतर आहे, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही.

पीठ गरम बाहेर येतं. लगेच डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाला आतून दव धरतं, ते पिठात गळतं, आणि आठवड्यात गुठळ्या आणि आंबूस वास. परातीत पसरून तासभर गार करायचं, मग भरायचं. दुसरं, यंत्राची सफाई. प्लग काढायचा, जाळी काढून उलटी आपटायची, कप्पा मऊ ब्रशनं झाडायचा. पात्यांच्या मागे, दाराच्या रबरी पट्टीच्या खाचेत जुना टूथब्रश लागतो. ओलं फडकं आत अजिबात नाही. कणीक होऊन बसते, मग खरवडत बसा. डब्यावर जे कापड येतं ते यंत्राचं नाक आहे. हवा तिथून बाहेर पडते. ते बुजलं की पीठ फटींतून उडायला लागतं आणि ओट्यापासून देवघरापर्यंत सगळीकडे पांढरी साय बसते. दर दळणानंतर गॅलरीत नेऊन झटका, महिन्यातून एकदा धुऊन कडक उन्हात वाळवा. उन्हाळ्यात हे सगळं एखादवेळ टाळलं तरी निभतं. पावसाळ्यात नाही. आषाढात चार दिवस यंत्र न झाडता राहिलं की खाचेतल्या पिठाला जाळं धरतं, आणि अळी तिथून डब्यात.

गहू भरायच्या दिवसांत, चैत्र-वैशाखात, इथली बहुतेक घरं वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळतात. आम्हीही चोळतो, हाथीखान्यातून, म्हणजे इथल्या धान्यबाजारातून, गहू आला की. टोके लागत नाहीत, आणि आम्ही तो धूतही नाही. पण यंत्रात दळायचा असेल तर हात आखडता ठेवा. मणाला, म्हणजे इथल्या वीस किलोला, शंभर ग्रॅमच्या आतच. दाणा नुसता चमकला पाहिजे, हाताला तेल लागता कामा नये. चोळून दोन-तीन दिवस उघडा ठेवला, तर जाळीला त्रास होत नाही. निवडणं मात्र चुकत नाही. खडा गेला तर जाळीला भोक पडतं, आणि भोक पडलेलं चटकन कळतही नाही. पिठात अख्खे दाणे दिसले की समजायचं. जादा जाळी घेताना एक नंबरच्या दोन घ्या, बाकीच्या फारशा झिजत नाहीत.

तक्रारी दोन. आवाज मोठा आहे. दुपारी दोन ते चार हे बडोद्यातले झोपेचे तास, तेव्हा सोसायटीत यंत्र लावाल तर शत्रू वाढतील. यंत्राखाली जुनं जाड रबरी पायपुसणं घातल्यावर खालच्या मजल्यावरची घरघर बरीच कमी झाली. दुसरी तक्रार दाराच्या रबरी पट्टीची. ती फाल्गुनातच फाटली, आणि हमीत असूनही दुरुस्तीचा माणूस यायला तीन आठवडे लागले. फोन केला की 'उद्या', उद्या फोन केला की 'साहेब, पार्ट आला नाही'. शेवटी तेच माप घेऊन बाजारातून तशीच पट्टी आणून मी स्वतः बसवली. घेताना दुकानदाराकडून पट्टी, कापड आणि एक जाळी जादा मागून घ्या, तेव्हाच तो नाही म्हणत नाही.

आणखी एक. घरघंटी आली की शेजारीपाजारी डबे घेऊन येतात. समोरच्या गुजराती बेन पहिल्याच आठवड्यात मक्याचा डबा घेऊन आल्या, आणि बदल्यात लीलवाच्या (ओल्या तुरीच्या दाण्यांच्या) कचोऱ्या आल्या, त्यामुळे तो सौदा वाईट नव्हता. पण सोसायटीत सांगून ठेवलंय: धान्य निवडलेलं पाहिजे, ओलं नको, आणि दळून झाल्यावर ब्रश ज्याचा त्यानं फिरवायचा. तेव्हापासून तीनच घरं येतात.