उकरलेल्या मुरमावर काय लावाल: तरवड की तेरडा?

शेततळ्याचा भराव, पाइपलाइनसाठी उकरलेला पट्टा, रस्ता रुंद करताना कापलेली दरड. अशा उघड्या पडलेल्या जागेवर आपल्याकडचंच रानफूल लावायचं मनात असेल, तर सातारा-सांगलीत तरवड आणि तेरडा ही दोन नावं आधी पुढे येतात. निवडताना आपल्या शिवारात पाऊस किती पडतो ते बघा. रंगाचा विचार नंतर.

माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात मी डोळे झाकून तरवड सांगेन. हे बारमाही झुडूप आहे. एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात पाणी मागत नाही. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि मोकळ्या चराईच्या गावात ही फार मोठी गोष्ट आहे. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत पिवळीधमक फुलं येत राहतात. फुलाजवळ थोडं थांबून बघा. त्यात मध नसतो, नुसता पराग, तोही परागकोशांच्या टोकांच्या बारीक छिद्रांआड कोंडलेला. काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो तेव्हा पराग बाहेर पडतो. पानांच्या देठावर, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये छोट्या ग्रंथी असतात. त्यांतल्या गोड रसासाठी मुंग्यांची ये-जा चालू असते. एकच सांगून ठेवतो: शेंगा येतात म्हणून हे झाड हरभऱ्यासारखं जमिनीत नत्र साठवेल, असं धरून चालू नका.

धीर मात्र हवा. बियांचं कवच टणक असतं. वाळलेल्या शेंगांतलं बी काढा, त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर भिजू द्या आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर जागेवरच टोका. पहिल्या वर्षी झाडं लहानच राहतात. रोपं कुठे गेली म्हणून जागा पुन्हा उकरू नका.

जावळी, पाटण, शिराळ्याकडे, जिथं पाऊस भरपूर, तिथं तेरडा उत्तम. तो त्याच पावसाळ्यात फुलतो, पिकलेलं बोंड हात लावताच फुटून बी उडवतं आणि पुढच्या वर्षी आपोआप उगवतो. गौरीला लागतो, त्यामुळे घरातल्या बायकांचा कौल बहुधा त्यालाच मिळेल. पण खोड पाणीदार. पावसानं ओढ दिली की दुपारी मान टाकतो. दिवाळीपर्यंत वाळून जातो आणि पुढे सात-आठ महिने भराव उघडाच राहतो. बी आपल्याच गावातलं घ्या. कास पठारावरून आणू नका. ती जागा संरक्षित आहे, आणि तिथल्या तेरड्यांत वेगळ्या जातीही आहेत.

रोपवाटिकेत या दोन्हींऐवजी पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचं बी पुढे करतात. ते मेक्सिकोकडचं आहे. लवकर फुलतं, पण बांध ओलांडून माळावर पसरतं आणि तिथल्या गवताची जागा घेतं. घेऊ नका.

कराड, वाळव्यासारख्या मधल्या पट्ट्यात दोन्ही चालतील: भरावाच्या वरच्या कोरड्या अंगाला तरवड, खाली पाणी मुरतं तिथं तेरडा.