बेळगाव सीमाभागात घरच्या मारहाणीवर मिळणारी मदत: पहिला दिवस बरा, पुढचा पंधरवडा कच्चा

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली खेडी आणि शहरातल्या गल्ल्या इथे घरात मार खाणाऱ्या बाईला आज बरीच ठिकाणं गाठता येतात: 112, 181, सखी केंद्र, तालुक्याचा सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), मोफत वकील आणि गल्लीतले पंच. एकेकट्या सेवेबद्दल लिहिण्यापेक्षा ही सगळी साखळी कशी चालते ते सांगणं जास्त उपयोगाचं. आमचं मत आधीच सांगतो. पहिल्या चोवीस तासांची सोय बरी आहे. नंतरचे पंधरा दिवस बाई एकटी असेल तर साखळी तुटते, सोबत महिला मंडळ किंवा स्त्रीशक्ती संघातल्या दोघीजणी असतील तर टिकते.

मार चालू असताना फोन 112 ला करायचा. पोलीस गाडी तिथूनच निघते. 181 ही महिला हेल्पलाइन सल्ल्यासाठी आणि सखी केंद्राशी जोडून देण्यासाठी आहे. दोन्हीकडे पहिल्याच वाक्यात जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगावी, कारण एकाच नावाची गावं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. मराठी बोलणारं कोणी द्या, असं स्पष्ट मागावं. पोलीस येऊन नवऱ्याला दम देऊन परत गेले, तर ती समजूत दुसऱ्या दिवशी कुठेच दिसत नाही. म्हणून फोनची वेळ लिहून ठेवावी आणि ठाण्यात नोंद झाली का ते विचारावं.

सखी केंद्रांची योजना 1 एप्रिल 2015 पासून आहे. तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय मदत, पोलीस आणि वकील एका छताखाली, अशी तिची मांडणी. मांडणी उत्तमच आहे. मुक्कामाची मुदत मात्र साधारण पाच दिवसांची. सहाव्या दिवशी माहेर की शक्ती सदन (बायकांसाठीचा जास्त मुदतीचा सरकारी निवारा) हा निर्णय पाचव्या रात्री घाईत होऊ नये, म्हणून दुसऱ्याच दिवशी समुपदेशक ताईंना त्याबद्दल विचारावं. सोबत मोठा मुलगा असेल तर त्याला ठेवून घेतील का, हे जाण्याआधी फोनवर विचारून घ्यावं.

दवाखान्यात सगळ्यात मोठी चूक एका शब्दाने होते. सासू शेजारी उभी असते, डॉक्टर विचारतात आणि बाई म्हणते, 'पडले.' कागदावर तेच उतरतं आणि वर्षभराने कोर्टात समोरचा वकील तेच वाचून दाखवतो. बिम्सच्या, म्हणजे बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, जिल्हा रुग्णालयात असो की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, कोणी मारलं, कशाने मारलं, कधी मारलं हे डॉक्टरांना एकट्याने सांगावं आणि एमएलसी (मारहाणीची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) झाली का ते विचारून तिचा नंबर घ्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वळ काळेनिळे होतात, तेव्हा पुन्हा फोटो काढावेत.

आता खरा कणा. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. कर्नाटकात त्यातला संरक्षण अधिकारी म्हणजे महिला व बालविकास खात्याचा सीडीपीओ, म्हणजे अंगणवाड्या सांभाळणारेच साहेब किंवा मॅडम. इथेच दुखणं आहे. पोषण आहार, अंगणवाडीच्या इमारती, बैठका, सर्वेक्षणं आणि त्याच माणसावर हे काम. ते टाळतात असं नाही, त्यांना वेळच नसतो. म्हणून बाईने तयारीनिशी जावं. त्यांनी भरायचा नमुना 1 म्हणजे घरेलू घटनेचा अहवाल. त्यात 'नेहमी मारतो' लिहिलं की केस पातळ होते. तारीख, जागा, काय झालं, कोणी पाहिलं अशा चार-पाच घटना घरूनच कागदावर उतरवून न्याव्यात. शिव्या, पगार काढून घेणं, उपाशी ठेवणं, माहेरहून पैसे आण म्हणणं हेही या कायद्यात हिंसाचारच आहे. स्त्रीधनाची यादी तोळ्यांसकट जोडावी. नमुना 5 हा सुरक्षेचा आराखडा असतो, तोही मागावा. अहवालाची प्रत बाईला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये.

अर्ज मॅजिस्ट्रेटसमोर कलम 12 खाली जातो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच दिवस जातात. म्हणून मुख्य अर्जाबरोबर नमुना 3 चं प्रतिज्ञापत्र जोडून कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागायचा: मारू नये, घराबाहेर काढू नये, महिन्याचा खर्च द्यावा. सासू-नणंदेलाही प्रतिवादी करता येतं. सासऱ्याच्या नावावरच्या घरात बाई संसार करत राहिली असेल, तर तिथेही राहण्याचा हक्क मागता येतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाचे पैसे लागत नाहीत. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, त्यासाठी नंबर 15100.

सीमाभागाची खास अडचण म्हणजे सोयरीक दोन राज्यांत. सासर चंदगड-गडहिंग्लजला, माहेर उचगाव-कडोलीला, किंवा याच्या उलट. 'तिकडची केस, तिकडेच जा' असं सांगून परत पाठवलं तर घाबरू नये. याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज चालतो आणि आदेश देशभर लागू असतो. छळाच्या फौजदारी तक्रारीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितलं आहे की, घर सोडावं लागलेली बाई आसरा घेतलेल्या गावी तक्रार देऊ शकते. ते कलम पूर्वी 498 अ होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 85.

तारखांना जाण्याचा खर्च छोटा वाटतो, पण तारखा त्यापायीच चुकतात. कर्नाटकच्या साध्या बसमधला महिलांचा मोफत प्रवास राज्याच्या रहिवासी बायकांना आहे. लग्नानंतर आधारवर महाराष्ट्राचा पत्ता आला असेल तर माहेरी परतलेल्या मुलीला तिकीट पडतं. कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे बहुधा सासूला. सुनेने त्यावर हिशेब मांडू नये.

भाषेचं म्हणाल तर ठाण्यातला जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाईला तो वाचता येत नाही. सही करण्याआधी पूर्ण वाचून, मराठीत समजावून घेणं हा तिचा हक्क आहे. कन्नड येणारी अंगणवाडी ताई सोबत असली की हे सोपं होतं. कार्यालयात द्यायची तक्रार मराठीतही देता येते, राज्यघटनेचं कलम 350 तेच सांगतं.

गल्लीतल्या पंचांबद्दल आमचं मत मिश्र आहे. रात्री अकराला दार उघडायला तेच येतात, हे खरं बळ आहे. पण बैठकीत पंधरा पुरुष आणि कोपऱ्यात एक बाई असेल तर तो न्याय नव्हे. शंभराच्या बाँडवर लिहिलेली समजूत कोर्टाच्या आदेशासारखी अंमलात येत नाही आणि नोटरी केलेल्या सोडचिठ्ठीने हिंदू विवाह मोडत नाही. बैठकांवर बैठकांत महिने जातात आणि छळाच्या फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. पंचांनी आधी अहवाल नोंदवू द्यावा, मग हवं तर बोलावं. डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या होसा वंटमुरी गावात एका आईची विटंबना झाली, तेव्हा बघत उभ्या राहिलेल्यांवर उच्च न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. ते ताशेरे प्रत्येक गल्लीच्या पंचांनी वाचावेत.

महिला मंडळांना आमची पूर्ण पसंती आहे, पण काम नेमकं वाटून घेतलेलं असेल तरच. एकीकडे कागदांच्या झेरॉक्स: आधार, लग्नाचा फोटो, मुलांचे दाखले, एमएलसी. दुसरीकडे तारखांची वही. तिसरी शेजारची, जिला ठरलेला मिस्ड कॉल आला की ती 112 लावते. ही तिसरी फार महत्त्वाची. कलम 85 खाली लगेच अटक होईलच असं नसतं, बहुतेकदा नोटीस निघते, आणि नोटीस हातात घेऊन नवरा त्याच संध्याकाळी घरी येतो. त्या रात्री बाई आणि मुलं घरात नसावीत. कुठे असावीत हे मंडळाने नोटीस निघण्याआधीच ठरवून ठेवायचं, आणि तो पत्ता दिराला माहीत असलेल्या नातेवाइकाचा नसावा.