नावातून शब्द काढायचा लाकडी अक्षरसंच

नाशिकमध्ये खेळण्यांच्या दुकानात मागताना काना-मात्रा सुट्या असलेलाच संच मागा. अक्षरावर काना छापलेल्या सोंगट्यांत ‘नाशिक’मधून ‘नाक’ निघतं की जवळजवळ खेळ खलास. सुट्यांनी नाश, नशा, शानही मिळतात. नाशिकमधल्याच ‘रविवार कारंजा’ या चौकाचं नाव तर खाणच: विकार, विजार, करार, काजवा, राजा.

खरी खोट जोडाक्षरांत. पाय मोडायला सोंगटीच नाही, त्यामुळे ‘त्र्यंबकेश्वर’ मांडताच येत नाही. व्यंजनं सुटी धरली तर ‘करवत’, ‘यश’ सापडतात, पण हा नियम आधीच ठरवा. अनुस्वाराची टिकली फार बारीक, पहिली तीच हरवते. तुरीची डाळ चालते. वेलांटी पालथी घातली की ऱ्हस्वाची दीर्घ होते आणि ‘नाशिक’मधून ‘काशी’ निघते. मुलं हे लगेच हेरतात.