'माइल्डर', 'लेस' की 'नॉट ॲज': सौम्य पर्याय इंग्रजीत कसा लिहावा?

समजा, फरशी पुसायला ब्लीचऐवजी दुसरा क्लीनर सुचवायचा आहे आणि तेही इंग्रजीत लिहून. तीन वाक्यं लगेच सुचतात: 'धिस क्लीनर इज माइल्डर दॅन ब्लीच', 'धिस क्लीनर इज लेस हार्श दॅन ब्लीच' आणि 'धिस क्लीनर इज नॉट ॲज हार्श ॲज ब्लीच'. व्याकरणात तिन्ही चोख, पण वाचणाऱ्याचा समज प्रत्येक वाक्यागणिक बदलतो.

'माइल्डर' वाचलं की क्लीनर सौम्यच आहे असं वाटतं. खरं तर वाक्य तेवढं म्हणतच नाही. ब्लीचपेक्षा सौम्य असलेली वस्तूही हाताची आग करू शकते. 'लेस हार्श'मध्ये 'हार्श' हा शब्द डोळ्यांसमोर राहतो, त्यामुळे थोडा जहालपणा उरलाय हे आपोआप कळतं. पुढच्याच ओळीत हातमोजे घालायला सांगायचं असेल, तर मी बिनदिक्कत 'लेस हार्श' लिहीन. तिथे 'माइल्डर' लिहिणं मला धोक्याचं वाटतं.

'नॉट ॲज हार्श ॲज' सगळा रोख ब्लीचकडे वळवतं. ते जहाल आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर हेच वाक्य पटकन पटतं. शिवाय 'स्ट्राँग'सारख्या छोट्या विशेषणाबरोबर 'लेस स्ट्राँग' जरा अवघडलेलं वाटतं; साध्या ईमेलमध्ये 'नॉट ॲज स्ट्राँग ॲज' जास्त सहज वाचलं जातं.

माणसाच्या कामाबद्दल लिहिताना तर हा फरक चांगलाच बोचतो. सहकाऱ्याने मसुदा सुधारून पाठवला आणि आपण 'द न्यू ड्राफ्ट इज लेस कन्फ्यूझिंग' असं कळवलं, तर त्याला त्यात 'अजून गोंधळ आहेच' असं ऐकू येणार. काम खरोखर सुधारलं असेल तर 'इट इज ईझिअर टु फॉलो नाउ' लिहावं. गोंधळ उरला असेल तर तो कुठे आहे ते सांगावं. 'लेस'च्या आड लपू नये.

बाकी चुका नेहमीच्याच. मराठीत 'जास्त सौम्य' म्हणायची सवय, म्हणून 'मोअर माइल्डर' लिहिलं जातं; नुसतं 'माइल्डर' पुरतं. 'व्हेरी माइल्डर' चालत नाही, 'मच माइल्डर' किंवा 'अ लिटल माइल्डर' चालतं. 'अ माइल्डर अल्टरनेटिव्ह'च्या पुढे 'टु ब्लीच' येतं, 'दॅन ब्लीच' नाही. 'कंपॅरेटिव्हली माइल्डर'मध्ये तुलना दोनदा होते, म्हणून 'कंपॅरेटिव्हली माइल्ड' लिहा. दोनच वस्तूंमधली एक निवडायची असेल तर 'द माइल्डर ऑफ द टू' नेमकं बसतं.

आणि डब्यावर छापतात तसं नुसतं 'माइल्डर फॉर्म्युला' आपल्या लिखाणात नको. जुन्या फॉर्म्युल्यापेक्षा सौम्य की दुसऱ्या कंपनीच्या मालापेक्षा, हे त्यातून कळत नाही. 'दॅन' लिहून पुढे त्या वस्तूचं नाव घाला.